दिसलं, पण ऐकलंस का?

मिरज,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. सोनू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनीचा फोन आला होता. आधी तुझं कौतुक झालं. सोनूनं त्या लिनक्सच्या इन्स्टॉलरमधला बग अर्ध्या तासात मिटवला, एका ओळीचं काम होतं म्हणे. मग बोलता बोलता ती म्हणाली, "तो सांगत होता, एकाच माणसाची तक्रार आली होती. आंधळी माणसं स्वतः लिनक्स टाकायला बसतात तरी किती?" वहिनीच्या मनात वावगं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तिनं ऐकलं तसं सांगितलं. पण फोन ठेवल्यावर माझं दूध पेल्यात तसंच राहिलं. पहाटे उठून हे लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, आणि तू "हो आत्या, हो आत्या" म्हणून सुटला असतास.

तू दादाला पाठवलेला निरोप त्यानं मलाही पाठवला. मी तो तीनदा वाचून घेतला. तू लिहिलं आहेस, 'यूईएफआयच्या मेनूत स्पीचच्या ओळीवर पॅरामीटर राहून गेला होता. टाकला. व्हर्च्युअल मशीनमध्ये बघितलं, कमांड लाइनवर दिसतोय. बग बंद.'

बघितलं. दिसतोय. सोनू, तू ऐकलंस का?

माझी सगळी काळजी एवढीच आहे. बाकीचं पत्र त्याच्याभोवती फिरणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

तू म्हणशील, आत्याला यातलं काय कळतं. मी प्रोग्रामर नाही हे खरं. पण ज्या माणसाला रोज एकाच जिन्यावरून जायचं असतं, त्याला त्या जिन्याची हलणारी पायरी गवंड्याच्या आधी कळते. बूट मेनूवर एस दाबून एंटर मारला की आत काय काय घडायला हवं, हे मी बोटांवर मोजून सांगू शकते. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, 'स्पीकअप.सिंथ=सॉफ्ट' हा निरोप पोचला पाहिजे. मग स्पीकअप पडद्यावरची अक्षरं उचलणार, ईस्पीकअप ती पुढे देणार, ईस्पीक त्यांचा आवाज करणार, आणि तो आवाज साउंड कार्डातून बाहेर पडणार. विहिरीपासून माजघरापर्यंत हातोहात घागरी द्याव्यात तसं हे काम आहे. तू पहिल्या माणसाच्या हातात घागर दिलीस आणि घरात पाणी आलं असं लिहून मोकळा झालास. मधल्या कुणाच्या हातून ती निसटली का, हे तुला पडद्यावर दिसणार नाही. ते फक्त कानाला कळतं.

आता तुला एक गोष्ट सांगते. दादाला आणि वहिनीलाही ती माहीत नाही.

गेल्या माघात मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर तुमचंच लिनक्स टाकायला बसले होते. तू त्यात काम करतोस म्हणून मला ते हवं होतं. तुला विचारलं नाही, कारण सगळं झाल्यावर तुला फोन करून चकित करायचं मनात होतं. रात्रीचे दहा वाजले होते. पेन ड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं, मेनूची बीप ऐकू आली. एस, एंटर. मग काही नाही. पंख्याची घरघर तेवढी. दहा मिनिटं थांबले. बंद करून पुन्हा चालू केलं. बीप, एस, एंटर, शांतता. हेडफोन लावून पाहिला, काढून पाहिला. आवाजाची बटणं चाचपली. दीड वाजेपर्यंत पाच वेळा केलं. शेवटी मशीन तसंच चालू ठेवून झोपले.

सकाळी शेजारचा मुलगा आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, हा भाषा कुठली निवडायची ते विचारतोय."

रात्रभर ते मशीन मला भाषा विचारत होतं रे. आणि मी समोर बसून होते.

त्या पोरानं पाऊण तासात सगळं करून दिलं. गुणी आहे तो. पण माझा पासवर्ड त्यानं टाइप केला, मी तोंडानं सांगितला. डिस्कवरचं जुनं पुसायचं की ठेवायचं, या प्रश्नाला हो त्यानं म्हटलं. तिथे चुकून एक एंटर पडला तर वर्षानुवर्षांचं काम जातं, आणि तो एंटर माझ्या बोटाचा नव्हता. कित्येक वर्षं मी स्वतःच्या पगाराची स्लिप दुसऱ्याकडून वाचून घेतली, आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेतली. संगणक आला तेव्हा वाटलं होतं, आता निदान एक दार असं झालं की ज्याची किल्ली माझ्याजवळ आहे. त्या सकाळी ती किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली.

पुढे महिन्याभरानं सहज एकदा टीव्हीची वायर लॅपटॉपला जोडली आणि तोच पेन ड्राइव्ह लावला. टीव्ही बोलायला लागला! म्हणजे माझ्या मशीनवर पॅरामीटर पोचत होता, स्पीकअप चाललं होतं, ईस्पीक बोलत होतं. पण लॅपटॉपमध्ये साउंड कार्डं दोन, आणि आवाज जात होता एचडीएमआयच्या कार्डाकडे. तिकडे काही जोडलेलंच नव्हतं. ते बिचारं रात्रभर एका बंद दाराशी बोलत राहिलं होतं.

म्हणून म्हणते, तुझी ती ओळ बरोबरच असेल. पण त्या ओळीनं माझं मशीन बोलणार नाही. मुकेपणा एकच, कारणं अनेक. व्हर्च्युअल मशीनमध्ये साउंड कार्ड बहुधा एकच आणि साधं असतं, त्यामुळे हे तुला तिथे कधीच सापडणार नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये यावर तोडगा काढलेला आहे, तुला माहीत असेल. एकाहून जास्त कार्डं सापडली तर तो पाळीपाळीनं प्रत्येकातून बोलतो, आणि ज्यातून ऐकू येईल तिथे आपण एंटर दाबायचा. साधी गोष्ट आहे. पण ती ज्याला सुचली तो त्या शांततेत बसलेला असणार, किंवा बसलेल्या माणसाचं त्यानं ऐकून घेतलं असणार.

आता तू विचारशील, आत्या, मग तू कळवलं का नाहीस? तेच सांगायला मी पहाटे उठले आहे.

मी कळवलं नाही. वाटलं, माझंच काही चुकलं असेल. वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी अनोळखी माणसांना कशाला त्रास. तुझ्या कामात खोट काढल्यासारखं होईल, असंही वाटलं. तेव्हा तुझ्या त्या 'एकाच माणसाच्या' मागे मी आहे, हे आज लिहून ठेव. त्यानं लिहिलं, मी लिहिलं नाही. आम्ही निदान दोघं आहोत. आणि माझ्यासारख्या किती जणी शेजारच्या पोराला हाक मारून गप्प बसल्या असतील, ते ना तुला माहीत ना मला. ज्याचा इन्स्टॉलर बोललाच नाही त्यानं तक्रार कुठल्या मशीनवरून लिहायची, याचा विचार केलास का?

गप्प बसण्याचं हे माझं आयुष्यातलं पहिलं पाप नाही.

१९८७ सालची गोष्ट. मी तेव्हा तुझ्याच वयाची, सत्तावीस वर्षांची. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होऊन चार वर्षं झाली होती. जुन्या बोर्डावर फोन आला की झडप खट् करून पडायची. आवाज यायचा, बोटाला लागायची, कुठली लाइन ते कळायचं. त्या वर्षी नवा बोर्ड आला. चकचकीत असणार, सगळे तारीफ करत होते. त्यावर लाइन आली की दिवा लागायचा. नुसता दिवा. बझर सगळ्या लाइनींना मिळून एकच. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं मला विचारलं, "बाई, काही अडचण?" चांगला माणूस होता, मनापासून विचारत होता. मी म्हटलं, "नाही, चालेल."

का म्हटलं? भीती होती. अडचण आहे म्हटलं तर म्हणतील, हिलाच बदला. तुझे आजोबा नुकतेच रिटायर झाले होते, दादाची नोकरी अजून कच्ची होती. मी शिपायाशी संधान बांधलं. तो येता जाता सांगायचा, "ताई, तीन नंबर." तो नसला की मी एकेक लाइन उचलून बघायची. लोक खेकसायचे, मी माफी मागायची. निभावलं.

दोन वर्षांनी तसाच बोर्ड दुसऱ्या शाखेत बसला. तिथल्या जागेसाठी एक अंध मुलगा आला होता. हुशार, माझ्यापेक्षा चटपटीत. त्याला घेतलं नाही. कारण काय दिलं, तर या बोर्डावर अंध माणसाला काम जमत नाही. कुणीतरी माझं नाव काढलं, तर उत्तर आलं, त्या बाईंना शिपाई मदत करतो. आणि त्या इंजिनिअरच्या कागदावर काय होतं? 'तक्रार नाही.' माझी सही होती खाली.

त्या मुलाचं पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. रिटायर होईपर्यंत दर महिन्याला पगार घेताना तो मला आठवायचा. प्रत्येक लाइनीला वेगळा आवाज द्या, एवढं एक वाक्य १९८७ साली मी बोलले असते तर तो तिथे बसला असता. म्हणून 'एकच तक्रार आली' हे शब्द वहिनीच्या तोंडून ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तक्रार नाही याचा अर्थ माणूस नाही असा होत नाही. बहुतेक वेळा माणूस असतो, आणि घाबरलेला असतो.

डेबियनच्या बूट मेनूत एक ओळ आहे, ती मला फार आवडते. एखादी कळ दाबा, नाहीतर इतक्या सेकंदांत आवाज सुरू होईल, अशा अर्थाची. समोरून काहीच हालचाल झाली नाही तर ते मशीन असं धरून चालत नाही की समोर कोणी नाही. ते असं धरतं की समोर कोणीतरी आहे, आणि त्याला पडदा दिसत नसेल. मग ते आपणहून बोलायला लागतं. सोनू, सत्तावीस वर्षांच्या मला असं कोणी भेटायला हवं होतं. माझ्या 'चालेल'वर न थांबता पुन्हा एकदा विचारणारं.

असं करणारी माणसं जगात आहेत, म्हणूनच मी हे पत्र स्वतः लिहू शकते आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं विंडोजसाठी पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए लिहायला घेतलं, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी ते फुकट देऊन टाकलं. विकतचं स्क्रीन रीडर तेव्हा माझ्या आवाक्यात नव्हतं. कर्क रायझर यांनी सुरू केलेलं स्पीकअप कर्नलच्या २.६.३७ आवृत्तीपासून 'स्टेजिंग'मध्ये होतं, म्हणजे घरात नव्हे, ओसरीवर. २०२० साली ५.९ आवृत्तीत ते एकदाचं आत घेतलं गेलं. जवळजवळ दहा वर्षं ओसरीवर! तेवढी वर्षं कोणी ना कोणी ते झाडून पुसून चालतं ठेवलं, तेव्हा कुठे तुझ्या त्या एका ओळीला अर्थ आला. जोनाथन डडिंग्टन यांनी सुरू केलेला ईस्पीक आता मराठीही बोलतो. आवाज कोरडा आहे, पत्र्यावर नखं वाजवल्यासारखा. पण पहिल्यांदा त्यानं माझं नाव मराठीत उच्चारलं तेव्हा मी दार लावून घेऊन रडले होते.

एवढ्या माणसांची ही साखळी. तिचं शेवटचं टोक तुझ्या हातात आलंय, आणि ते नीट बांधलं की नाही हे तू ओढून बघितलं नाहीस. राग याचा आला.

रागावले, आता पुरे. पत्र इथवर लिहून मी उठले, तुळशीला पाणी घातलं, परत बसले. मघाचं वाचून घेताना वाटलं, पोराला फार बोलले. तू दिवसभर नोकरी करतोस आणि रात्री जागून हे काम करतोस, त्याचा एक पैसा मिळत नाही. हे काम करायला तुला कोणी बांधून घातलेलं नाही. त्या माणसाची तक्रार आल्यावर तू ती बाजूला सारली नाहीस, अर्ध्या तासात हात घातलास, हेही मला दिसतं. 'किती असतात' असं तू म्हणालास ते थकून म्हणाला असशील. वहिनी सांगत होती, हल्ली जेवण वेळेवर नसतं तुझं. रात्रीचं ते कपातलं नूडल बंद कर. मेतकूट पाठवते आहे, निदान गरम भात लावत जा.

आणि वेळ मिळेल तेव्हा एवढं कर. कुणाचा तरी खरा लॅपटॉप घे, एक जुना बायोसचा, एक नवा यूईएफआयचा. दोघांचे मेनू वेगवेगळ्या फायलींतून येतात, एकीकडे दुरुस्त केलेलं दुसरीकडे राहतं, हे तू मला सांगायची गरज नाही, तुझा बग तोच होता. नव्या मशीनवर बीप तरी येते का बघ. काही लॅपटॉपमध्ये ती वाजवायला काही नसतंच, आणि बीप नसेल तर एस कधी दाबायचा हेच कळत नाही. शेवटपर्यंत इन्स्टॉल कर आणि रीस्टार्टनंतर नवं घर बोलतंय का ते ऐक. डेबियनच्या कुळात बूटच्या ओळीवर त्या तीन आडव्या रेघांच्या अलीकडचं इन्स्टॉलरपुरतं असतं, पलीकडचं नव्या सिस्टिमबरोबर जातं. वाटेत सगळी सोबत करायची आणि उंबऱ्यावर हात सोडून द्यायचा, असं आमच्या बाबतीत पुष्कळदा झालंय. ज्यानं तक्रार केली त्याला लिही. 'झालं' असं लिहू नकोस, 'तुम्हाला ऐकू आलं का' असं विचार. त्याचं उत्तर येईपर्यंत बग उघडा राहू दे. तुमच्या नव्या आवृत्तीचं रिलीज चार दिवस पुढे गेलं तर जाऊ दे. आणि नाहीच गेलं, तरी ऐकून बघ.

हे सगळं करताना पडदा बंद ठेव. नुसता मंद नको, बंद. जमलं तर खोलीतला दिवाही.

तुला आठवतं का, भारनियमनाच्या रात्री? तू आठेक वर्षांचा होतास. दिवे गेले की तू जिथे असशील तिथे दगडासारखा उभा राहायचास आणि "आत्या" म्हणून ओरडायचास. घरातले सगळे काड्यापेटी शोधत असायचे. मला शोधायचं काही नसायचं. मी सरळ यायची, तुझा हात धरायची आणि तुला माजघरातून, त्या उंच उंबऱ्यावरून, स्वयंपाकघरात न्यायची. तू विचारायचास, "आत्या, तुला कसं कळतं?" मी म्हणायची, ऐक. घड्याळ डावीकडे आहे. माठ ठिबकतोय तिथे कोपरा आहे. हळूहळू तू ऐकायला शिकलास. एकदा तर माझा हात सोडून एकटा गेलास उंबऱ्यापर्यंत, आणि तिथून मला हाक मारलीस, "आत्या, पोचलो."

तुझ्या त्या हाकेसारखं गोड मी आजवर फार थोडं ऐकलं आहे.

दिवाळीला येशील तेव्हा तुझा नवा पेन ड्राइव्ह घेऊन ये. माझा तो जुना लॅपटॉप मी ठेवला आहे, टीव्हीची वायर काढून. रात्री जेवणं झाली की आपण दोघं दिवा मालवून त्याच्यासमोर बसू. बीप आली की एस तू दाब, एंटर मी दाबेन. बोललं तर आनंदच. नाही बोललं, तर या वेळी त्या शांततेत मी एकटी नसेन, आणि तूही एकटा नसशील. नाही बोललं तरी मला तुझा अभिमान वाटेल. तू शेजारी बसून ऐकत होतास, एवढं मला पुरे.

डोळ्यांना जप. फार वेळ पडद्याकडे बघत जाऊ नकोस, मधूनमधून उठ. गार पाणी मार.

वहिनीला यातलं काही बोलू नकोस, तिला उगाच वाईट वाटेल. आणि हो, सवड झाली की फोन कर. कामाचं काही नको. नुसतं "आत्या, पोचलो" म्हण, कुठूनही.

तुझी,
आत्या